ड्युटी शून्य आहे, मग ब्रेक्झिटने ब्रिटनचं बिघडलं तरी काय?

प्रश्न असा आलाय की ब्रिटन आणि युरोपियन युनियनमध्ये करार झाला, मालावर ड्युटी शून्य, कोटा पण नाही, लंडन आजही तसंच गजबजलेलं दिसतं, मग ब्रेक्झिटमुळे, म्हणजे ब्रिटन युनियनमधून बाहेर पडल्यामुळे, नुकसान झालं असं जो तो का म्हणतो, आणि झालंच असेल तर नेमकं कुणाचं? शिवाय ह्यात राजकारण काय झालं आणि ब्रिटन परत जाईल का, हेही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. मी एक्स्पोर्ट-इम्पोर्टच्या कागदपत्रांच्या धंद्यातला माणूस, सुरुवात न्हावाशेवाला झाली, पुढे बरीच वर्षं इंग्लंडमध्ये युरोपला जाणाऱ्या-येणाऱ्या मालाची कस्टम्सची कामं केली, ब्रेक्झिटच्या आधीही आणि नंतरही. त्यामुळे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकातून न देता माल जिथे अडतो तिथून देतो. थोडं लांबेल.

ईयूमध्ये, म्हणजे युरोपियन युनियनमध्ये, दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची कायम गल्लत करतात. एक कस्टम्स युनियन, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाला सगळ्या देशांचा मिळून एकच दर, आणि माल एकदा आत आला की आत कुठेही फिरवा, परत कुणी विचारत नाही. दुसरं सिंगल मार्केट, म्हणजे नियमच सगळ्यांचे एक, मांसाची तपासणी एक, खेळण्यांची सेफ्टी एक, बँकेचं लायसन्स एक, आणि माणसांनी पण कुठेही जाऊन राहावं नि नोकरी करावी. नॉर्वे सिंगल मार्केटमध्ये आहे पण कस्टम्स युनियनमध्ये नाही, तुर्कस्तानचं उलटं, तो कारखान्यातल्या मालापुरता कस्टम्स युनियनमध्ये आहे पण सिंगल मार्केटमध्ये नाही. म्हणजे बाहेर राहायचेही प्रकार आहेत. ब्रिटन दोन्हीतून बाहेर पडला. २३ जून २०१६ च्या मतपत्रिकेवर यातलं काहीही नव्हतं, राहायचं का जायचं एवढंच होतं, ५१.९ टक्के लोक जायचं म्हणाले, आणि जायचं म्हणजे कुठवर जायचं ह्यावरच पुढची साडेतीन वर्षं तमाशा चालला.

आपल्याकडच्या माणसाला मी मुलुंड चेकनाक्याची आठवण करून देतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आणि नाक्यावर रांगेत उभे राहणारे ट्रक थेट आत जायला लागले. जकातीचे पैसे हा एक भाग झाला, पण ट्रकवाल्याला विचारा, तो म्हणेल तास गेले ते खरे पैसे. भारत आपल्या आतले नाके उखडत होता नेमक्या त्याच काळात ब्रिटन फ्रान्ससमोरच्या डोव्हर बंदरात नवा नाका उभारायची तयारी करत होता. ते सुद्धा अशा ठिकाणी की जिथे लॉरी बोटीतून उतरली की न थांबता थेट हायवेला लागायची.

आता शून्य ड्युटीचं बघू. २४ डिसेंबर २०२० ला, म्हणजे मुदत संपायला आठवडा उरला असताना, करार झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. शून्य ड्युटी ही फक्त ब्रिटनमध्ये किंवा ईयूमध्ये 'बनलेल्या' मालाला आहे. बनलेला म्हणजे काय, तर त्याचे नियम प्रत्येक वस्तूला वेगळे, पानंच्या पानं. तिरुपूरचे टी-शर्ट घ्या. कंटेनर इंग्लंडच्या फेलिक्सस्टो बंदरात उतरला, ब्रिटनमध्ये ड्युटी भरली, गोडाऊनला गेला, तिथून थोडे बॉक्स डब्लिनच्या, म्हणजे ईयूतल्या आयर्लंडच्या, दुकानाला पाठवायचे आहेत. आधी हे लंडनहून मँचेस्टरला पाठवण्याइतकं सोपं होतं. आता आयर्लंडच्या कस्टम्सच्या दृष्टीने हा भारतीय माल ब्रिटनमधून आलाय, ब्रिटिश नाहीच, म्हणून ड्युटी परत. नवीन पॅकिंग केलं, नवीन लेबल लावलं तरी माल ब्रिटिश होत नाही. आधीपासून बाँडेड गोडाऊनमध्ये, म्हणजे ड्युटी न भरता माल ठेवायच्या जागी, ठेवला किंवा ट्रान्झिटचे कागद केले तर दुसऱ्यांदा ड्युटी वाचते, पण त्यासाठी ड्युटी भरायच्या आधीच ठरवावं लागतं की कुठला बॉक्स कुठल्या देशात जाणार, आणि किरकोळ धंद्यात हे आधी माहीत असतं का कुणाला?

ह्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे मार्क्स अँड स्पेन्सर ह्या ब्रिटिश दुकानांच्या साखळीच्या पर्सी पिग नावाच्या गोळ्या, डुकराच्या तोंडाच्या आकाराच्या, ब्रिटनमधल्या पोरांच्या भयंकर आवडीच्या. बनतात जर्मनीत. जर्मनीहून ब्रिटनमध्ये आल्या तर शून्य ड्युटी, कारण ईयूचा माल. पण ब्रिटनमध्ये त्यांच्यावर काहीच काम न करता आयर्लंडला पाठवल्या तर ड्युटी लागते, कारण परत जाताना त्या ना धड ब्रिटिश ना धड युरोपियन! कंपनीच्या साहेबांनी जानेवारी २०२१ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं तेव्हा बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळलं की शून्य टॅरिफच्या कराराला एवढं मोठं शेपूट असतं.

हे झालं ड्युटीचं. खरा वैताग खाण्याच्या मालाचा. चीज, मांस, मासे, दूध, जनावरांपासून आलेलं काहीही ईयूत पाठवायचं तर एक्स्पोर्ट हेल्थ सर्टिफिकेट लागतं आणि ते सरकारमान्य व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, सही करून द्यायचं. एका सर्टिफिकेटला शंभर-दोनशे पौंड सहज जातात. सर्टिफिकेट इंग्लिशमध्ये पण हवं आणि माल जिथे आत शिरणार त्या देशाच्या भाषेत पण. सही छापील मजकुराच्या रंगापेक्षा वेगळ्या रंगात हवी, असा स्पष्ट नियम आहे, म्हणजे काळ्या छपाईवर काळ्या पेनाने सही केली तर कागद परत येऊ शकतो. लागू न होणारा पर्याय खोडायचा राहिला तरी परत. आता कल्पना करा एका ट्रेलरमध्ये वीस जणांचा माल आहे, ह्याला आम्ही ग्रुपेज म्हणतो, त्यात एकाचं दोन पॅलेट चीज आणि त्याच्या कागदावर एक शिक्का कमी. डोव्हरसमोरच्या फ्रान्सच्या कॅले बंदरात अख्खी लॉरी बाजूला लागते, एकोणीस जणांचा माल उभा राहतो ज्यांचे कागद एकदम चोख आहेत. परिणाम काय झाला, तर ट्रान्सपोर्टवाल्यांनी ग्रुपेजमध्ये खाण्याचा माल घ्यायलाच नकार द्यायला सुरुवात केली. पूर्ण ट्रेलर भरणाऱ्या मोठ्या कंपनीला फरक पडला नाही, दोन पॅलेटवाल्याचा धंदा मात्र बसला, आणि त्याच्या मालावर ड्युटी तेव्हाही शून्य होती आणि आजही शून्यच आहे.

स्कॉटलंडच्या कोळंबी-शिंपलेवाल्यांचं तर फारच वाईट झालं. ताजा माल, तासांचा हिशोब, आणि पहिल्याच महिन्यात कागदांमुळे दिवस-दिवस लॉऱ्या अडकल्या. त्यांनी लॉऱ्या थेट लंडनला व्हाइटहॉलमध्ये, म्हणजे सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावर, आणून उभ्या केल्या. गंमत म्हणजे ब्रेक्झिटच्या प्रचारात मासेमारीचा मुद्दा सगळ्यात पुढे होता, आपलं पाणी आपले मासे वगैरे, पण ब्रिटनचे मच्छीमार पकडतात त्यातला बराचसा माल ब्रिटिश माणूस खातच नाही, तो स्पेन-फ्रान्सला जातो. समुद्र ताब्यात आला आणि गिऱ्हाईक पलीकडे राहिलं. काही प्रकारचे जिवंत शिंपले तर ईयूत जाणं साफ बंदच झालं, कारण ब्रिटन आता 'तिसरा देश', म्हणजे ईयूबाहेरचा देश, झाला आणि तिसऱ्या देशातून तसे न धुतलेले शिंपले घ्यायचे नाहीत हा ईयूचा नियम जुनाच, जो ब्रिटन स्वतः आत असताना इतरांना लावत होता.

त्याच जानेवारीत नेदरलँड्सच्या बंदरावर ब्रिटिश लॉरी ड्रायव्हरांच्या डब्यातली हॅम सँडविचं काढून घेतानाचे व्हिडिओ आले होते, हसू आलं असेल, पण कायदा अगदी बरोबर होता, बाहेरच्या देशातून मांस आणायचं नाही.

मग फटका कुणाला, ह्याचं उत्तर इथेच येतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अभ्यासकांनी २०२४ च्या शेवटी आकडे मांडले त्यात आधी ईयूला माल पाठवणाऱ्या सोळा हजारांवर ब्रिटिश कंपन्यांनी तिकडे पाठवणं पूर्ण थांबवलं होतं, जवळपास सगळ्या छोट्या. मोठ्या कंपन्यांनी हॉलंडमध्ये किंवा आयर्लंडमध्ये गोडाऊन घेतलं, तिकडे कंपनी रजिस्टर केली, माणसं ठेवली आणि धंदा चालू ठेवला. म्हणून सुपरमार्केटचे शेल्फ भरलेले दिसतात आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की काय झालंय, काहीच नाही झालं. जे बंद झालं ते दिसत नाही ना. घरच्या गॅरेजमधून जॅम-चटण्या बनवून फ्रान्सला वीस ऑर्डरी पाठवणारी बाई काही मोर्चा काढत नाही, ती वेबसाइटवर 'आम्ही युरोपात पाठवत नाही' अशी एक ओळ टाकते आणि विषय संपतो.

ह्याच्यातून आयर्लंडने मात्र लगेच वाट काढली. पूर्वी आयरिश लॉऱ्या डब्लिनहून वेल्समधल्या होलीहेडला उतरायच्या, इंग्लंड ओलांडून डोव्हर आणि मग फ्रान्स, कारण तो सगळ्यात जवळचा रस्ता. जानेवारी २०२१ पासून आयर्लंडच्या रॉसलेअरहून थेट फ्रान्सच्या डंकर्कला बोटी सुरू झाल्या. प्रवास जवळपास एका दिवसाचा, पण कागद नाहीत. धंद्यातला माणूस लांबचा रस्ता पत्करतो, अनिश्चित रस्ता पत्करत नाही.

ब्रिटनने स्वतः काय केलं ते अजून मजेशीर. ईयूने पहिल्या दिवसापासून पूर्ण तपासणी सुरू केली, ब्रिटनने ईयूकडून येणाऱ्या मालाची तपासणी पुढे ढकलली, मग परत ढकलली, पाच वेळा ढकलली. केंटमध्ये ॲशफर्डजवळ सेव्हिंग्टनला मोठमोठी यार्डं बांधली, माणसं भरली, आणि प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली ३० एप्रिल २०२४ ला, म्हणजे बाहेर पडल्यावर चार वर्षांनी. का? कारण तपासणी लावली की भाजी-मांस महागणार आणि महागाई आधीच डोक्यावरून गेलेली. म्हणजे तीन वर्षं युरोपियन निर्यातदाराला ब्रिटनमध्ये बऱ्यापैकी मोकळं रान आणि ब्रिटिश निर्यातदाराला युरोपात पूर्ण झडती. सरहद्दीचा ताबा परत घेतला म्हणतात तो असा!

तसंच यूकेसीएचं. वस्तू ईयूच्या नियमांत बसते हे सांगणाऱ्या सीई मार्कच्या जागी ब्रिटनचा हा स्वतःचा शिक्का येणार म्हणून पुण्या-कोल्हापूरकडच्या कितीतरी मशिनरीवाल्यांनी आणि पार्टवाल्यांनी टेस्टिंगची, नवीन लेबलांची तयारी केली, कन्सल्टंटला पैसे दिले. मुदत वाढली, परत वाढली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने सांगून टाकलं की बहुतेक वस्तूंना सीई मार्क बेमुदत चालेल. ज्यांनी वेळेवर काम केलं तेच मूर्ख ठरले. माझ्या मते आर्थिक परिणामांमध्ये ह्या अनिश्चिततेची किंमत सगळ्यात कमी लेखली जाते. २०१६ नंतर ब्रिटनमधली धंद्यातली गुंतवणूक काही वर्षं जवळजवळ जागच्या जागी राहिली, त्याचं कारण हेच, नियम काय असणार हेच ठरेना तर मशीन कोण घेईल.

आपल्या नाशिकच्या द्राक्षांपुरतं सांगायचं तर पूर्वी ईयूचे कीटकनाशक अवशेषांचे नियम पाळले की ब्रिटन त्यातच आलं, नाशिकहून माल नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला उतरवा की फेलिक्सस्टोला, हिशोब एकच. आता ब्रिटन त्या मर्यादा स्वतः ठरवतं. सुरुवातीला सगळ्या ईयूच्याच नक्कल होत्या, पण दोन्हीकडे आपापले बदल होत जातात आणि वर्षागणिक यादीत फरक वाढतो. त्यात परत बेलफास्टला म्हणजे उत्तर आयर्लंडला ईयूचेच नियम. म्हणजे एकाच देशाच्या दोन शहरांना पाठवायच्या द्राक्षांना लॅबचा रिपोर्ट दोन वेगवेगळ्या याद्यांशी ताडून बघायचा. रॉटरडॅमला जादा उतरलेला माल भाव बघून ब्रिटनकडे वळवायचा किंवा उलट, हा जो खेळ सीझनमध्ये चालायचा तो आता फोनवर होत नाही, त्याला नवीन क्लिअरन्स लागतो.

मोठे आकडे थोडक्यात सांगतो. मतमोजणीच्या रात्री संडरलंडचा निकाल आला तेव्हाच पौंड गडगडला, दीड डॉलरवरून सकाळपर्यंत एक डॉलर बत्तीस-तेहेतीस सेंटवर, १९८५ नंतरचा नीचांक. ब्रिटन खातो त्यातलं बरंच आयात होतं, त्यामुळे हा पहिला फटका थेट किराणा बिलात आला आणि तेव्हा देश बाहेर पडलेला सुद्धा नव्हता. ब्रिटनची सरकारी पण स्वतंत्र संस्था आहे, ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी, तिचा अंदाज कायम असा राहिलाय की आत राहिलं असतं त्या तुलनेत उत्पादकता लांब पल्ल्यात ४ टक्क्यांनी आणि परदेश व्यापार १५ टक्क्यांनी कमी राहील. हा अंदाज आहे हे लक्षात ठेवा, कोविड आणि युक्रेन युद्ध मध्ये आल्यामुळे कशाचं किती हे वेगळं काढणं अवघड आहे, आणि ब्रेक्झिटवाले नेमकं तेच धरून बसतात. पण ४ टक्के म्हणजे काही कोसळणं नाही, हळूहळू गळणारी टाकी आहे, त्यामुळे कुठलाही एक दिवस असा येत नाही की लोक म्हणतील बघा आज झालं नुकसान.

सेवा क्षेत्र बऱ्यापैकी तरलं. लंडनमधून लाखभर बँकेच्या नोकऱ्या जाणार अशी भाकितं होती, तसं काही झालं नाही, काही हजार जागा पॅरिस, फ्रँकफर्ट, डब्लिनला हलल्या. औषधांना मान्यता देणारी युरोपियन संस्था लंडनहून ॲमस्टरडॅमला गेली, बँकांवर देखरेख ठेवणारी पॅरिसला गेली, आणि जानेवारी २०२१ मध्ये शेअर्सच्या उलाढालीत ॲमस्टरडॅमने लंडनला मागे टाकलं. पण वकील, कन्सल्टंट, आयटी, जाहिरात, ह्यांची निर्यात वाढतच राहिली, कारण लॅपटॉपवरून जाणाऱ्या कामाला डोव्हर लागत नाही.

आता माणसांचं. प्रचारात खरा जोर इमिग्रेशनवर होता, पोलंड-रुमानियाहून येणारे लोक थांबवायचे. १ जानेवारी २०२१ पासून ईयूच्या नागरिकांचा मुक्त प्रवेश संपला आणि सगळ्यांना एकच पॉइंट्सची पद्धत लागू झाली. झालं काय, तर युरोपियन गेले, २०२१ मध्ये लॉरी ड्रायव्हर कमी पडले, सप्टेंबरमध्ये पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, वृद्धाश्रमांना माणसं मिळेनात, म्हणून सरकारने बाहेरच्या देशांसाठी व्हिसा सैल केले आणि जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या वर गेलं, मोठा वाटा भारत आणि नायजेरियाचा. आपल्या मराठी पोरापोरींना शिकायला आणि नर्सिंग-आयटीत जायला दार उघडलं ते ब्रेक्झिटच्या ह्या उलट्या परिणामामुळे. स्थलांतर कमी व्हावं म्हणून मत दिलेल्या माणसाला मिळालं दुप्पट-तिप्पट स्थलांतर, आणि मग तो चिडला तर त्याला दोष तरी कसा द्यायचा? हल्ली परत नियम आवळले जातायत ते ह्याच रागापोटी.

गोव्याचा धागा इथे थेट लागतो. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं, आणि पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे ईयूचा पासपोर्ट, म्हणून हजारो गोंयकार लिस्बनला फारसे न थांबता सरळ इंग्लंडला गेले, स्विंडन, साउथॉल, लेस्टर. स्विंडनला तर गोव्याच्या माणसांची वस्तीच झाली, गोडाऊन आणि फॅक्टऱ्यांमध्ये कामाला. त्याच स्विंडनने जवळपास ५५ टक्के मतं बाहेर पडायला दिली. ३१ डिसेंबर २०२० च्या आधी जे पोचले त्यांना सेटलमेंट स्कीममध्ये म्हणजे राहण्याचा हक्क टिकवायच्या योजनेत अर्ज करायचा होता, मुदत ३० जून २०२१. पाच वर्षं पूर्ण असतील तर सेटल्ड, नसतील तर प्री-सेटल्ड, म्हणजे पाच वर्षं सलग राहिल्याचे पुरावे जमवत बसा, पगाराच्या स्लिपा, भाड्याचे कागद, काउन्सिल टॅक्स. रोखीत भाडं देऊन एका खोलीत चौघं राहिलेल्यांकडे कुठले आले कागद. आणि सगळं डिजिटल, हातात कार्ड सुद्धा नाही. ज्यांनी २०२१ नंतर मडगावहून पोर्तुगीज पासपोर्टसाठी धावपळ केली त्यांना तो घेऊन लिस्बन किंवा बर्लिनला जाता येतं, लंडनला राहायचं तर व्हिसा.

राजकारणाकडे वळू, कारण प्रश्नात तेही आहे. ईयूच्या लिस्बन कराराचं बाहेर पडण्याबद्दलचं कलम ५० सांगतं की नोटीस दिल्यावर दोन वर्षांत बोलणी पूर्ण करा. पंतप्रधान थेरेसा मे यांनी २९ मार्च २०१७ ला नोटीस दिली तेव्हा आपल्याला नक्की काय हवंय हे स्वतःच्या कॅबिनेटमध्ये ठरलेलं नव्हतं, आणि घड्याळ चालू झालं की घाई बाहेर जाणाऱ्यालाच असते, ईयूतल्या उरलेल्या सत्तावीस देशांना नसते. ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. वर जूनमध्ये निवडणूक घेऊन त्यांनी होतं ते बहुमतही घालवलं आणि उत्तर आयर्लंडच्या डीयूपी ह्या, ब्रिटनमध्येच राहायचं म्हणणाऱ्या पक्षाच्या दहा खासदारांवर सरकार टांगलं. १५ जानेवारी २०१९ ला त्यांचा करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ असा पडला, आधुनिक काळात कुठल्याच ब्रिटिश सरकारचा एवढा मोठा पराभव नाही. मग बोरिस जॉन्सन आले, संसद स्थगित केली, सुप्रीम कोर्टाने एकमताने ते बेकायदा ठरवलं, तरी डिसेंबर २०१९ ची निवडणूक त्यांनी 'एकदाचं उरका' ह्या एका मुद्द्यावर ८० जागांच्या बहुमताने जिंकली. लोक कंटाळले होते हो, एवढंच. ३१ जानेवारी २०२० ला रात्री अकराला देश बाहेर पडला. २०१६ ते २०२४ मध्ये कॅमेरॉन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक, स्टार्मर, सहा पंतप्रधान झाले, ज्या देशाकडे आपण स्थिर संसदीय राज्य म्हणून बोट दाखवायचो तिथे.

सगळ्यात अवघड गाठ होती उत्तर आयर्लंडची, आणि प्रचारात तिच्याबद्दल जवळजवळ कुणी बोललंच नव्हतं. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, दक्षिणेचा आयर्लंड ईयूमध्ये, मध्ये पाचशे किलोमीटरची सरहद्द जी शेतांमधून, कधी कधी घरांमधून जाते. तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांवर माणसं मेली, १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने ते थांबलं आणि सरहद्दीवरच्या चौक्या गेल्या. आता ब्रिटन बाहेर गेला तर माल कुठेतरी तपासायलाच हवा. चौक्या परत उभ्या करायच्या तर शांतता धोक्यात, समुद्रात तपासायचा तर ब्रिटनच्या आतच सरहद्द, आणि दोन्ही नको तर अख्ख्या ब्रिटनने ईयूचे नियम पाळत राहायचं, चौथा पर्याय नव्हताच. मे यांचा करार तिसऱ्याच्या जवळ जात होता, डीयूपीने त्याविरुद्ध मत दिलं. जॉन्सननी समुद्र निवडला, मग २०२० मध्ये त्याच कराराला बगल देणारं बिल आणलं आणि त्यांच्या मंत्र्याने संसदेत कबूल केलं की हो, ह्याने आंतरराष्ट्रीय कायदा मोडतो. शेवटी डीयूपीला मे यांच्या करारापेक्षा वाईट मिळालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी उत्तर आयर्लंडचं बेलफास्टमधलं सरकार पाडून ठेवलं, सुनकनी फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडसर फ्रेमवर्क नावाची सुधारित व्यवस्था आणली, उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालाला हिरवी लेन आणि पुढे ईयूत जाऊ शकणाऱ्या मालाला लाल लेन झाली, उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मांसा-दुधाच्या पाकिटांवर 'ईयूसाठी नाही' असं छापायला लागलं, आणि सरकार परत बसलं २०२४ च्या फेब्रुवारीत, तेही मिशेल ओ'नील यांच्या नेतृत्वाखाली, म्हणजे पहिल्यांदाच आयर्लंडच्या एकीकरणाच्या बाजूच्या पक्षाकडे सरकारच्या प्रमुखाचं, म्हणजे फर्स्ट मिनिस्टरचं, पद गेलं. ब्रिटनशी नातं घट्ट राहावं म्हणून ब्रेक्झिटला पाठिंबा देणाऱ्या पक्षाच्या पदरात हे पडलं.

स्कॉटलंडने ६२ टक्के मतं राहायला दिली होती, स्वातंत्र्याची मागणी परत वर आली, पण २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लंडनच्या परवानगीशिवाय सार्वमत घेता येणार नाही, सध्या ते तिथेच आहे.

ईयूकडे बघायचं तर सगळ्यांना वाटलं होतं एक गेला की रांग लागेल. उलट झालं. ब्रिटनचे हाल बघून फ्रान्समधल्या ल पेन आणि इतर देशांमधल्या उजव्या पक्षांनी बाहेर पडायची भाषाच सोडली, आता ते आत राहून ईयू बदलू म्हणतात.

फायदे काहीच नाहीत का? आहेत की. ट्रम्पनी २०२५ मध्ये टॅरिफ लावले तेव्हा ब्रिटनला १० टक्के आणि ईयूला शेवटी १५ टक्के लागले, हा फरक स्वतंत्र असल्याचाच. भारताशी जानेवारी २०२२ मध्ये बोलणी सुरू करून २४ जुलै २०२५ ला करारावर सह्या झाल्या, त्यात स्कॉचवरची आपली १५० टक्के ड्युटी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर यायची आहे आणि आपले कपडे, चामडं, कोळंबी तिकडे शून्यावर. ईयूत राहून ब्रिटनला हा करार एकट्याने करता आला नसता. पण प्रमाण बघा. पॅसिफिककडच्या देशांच्या सीपीटीपीपी ह्या व्यापार गटात ब्रिटन डिसेंबर २०२४ मध्ये गेला, त्याचा लांब पल्ल्याचा फायदा त्यांच्याच सरकारने जीडीपीच्या ०.०८ टक्के काढला होता. एकीकडे ४ आणि एकीकडे ०.०८. व्यापार शेजाऱ्याशीच जास्त होतो, आणि डोव्हरजवळ इंग्लंड-फ्रान्समधला समुद्र सगळ्यात अरुंद जागी फक्त तेहेतीस किलोमीटर आहे.

परत जातील का, हे पण विचारलंय. एवढ्यात नाही. मे २०२५ मध्ये स्टार्मर आणि ईयूमध्ये जी नवी समजूत झाली त्यात खाण्याच्या मालाचे नियम पुन्हा एकसारखे करायचं तत्त्वतः ठरलं, म्हणजे वर सांगितलेली बरीच सर्टिफिकेटं जातील, त्याच्या बदल्यात ईयूच्या मच्छीमारांना ब्रिटनच्या पाण्यात आणखी बारा वर्षं, २०३८ पर्यंत. पण नियम ईयू बनवणार आणि ब्रिटन पाळणार, ते बनवताना टेबलावर मत नाही. पूर्ण परत जायचं तर कलम ४९ खाली नवीन अर्ज, सत्तावीसच्या सत्तावीस देशांची संमती, आणि जुने लाड परत मिळणार नाहीत. थॅचरबाईंनी १९८४ मध्ये भांडून वर्गणीत जी सूट मिळवली होती ती गेली ती गेलीच, युरो न घ्यायची मुभा आणि शेंगेनबाहेर, म्हणजे पासपोर्ट तपासणीशिवायच्या युरोपीय क्षेत्राबाहेर, राहायची मुभा पण परत मागावी लागेल. आणि समोरून पहिला प्रश्न हाच येणार की पुढच्या निवडणुकीत ब्रेक्झिटसाठी जोर लावणाऱ्या नायजेल फराजचा पक्ष आला आणि तुम्ही परत निघालात तर? २०२४ मध्ये त्या पक्षाला १४ टक्के मतं होती, नंतर सर्व्हेंमध्ये तो बराच पुढे गेलाय, त्यामुळे ब्रसेल्समध्ये कुणालाच घाई नाही.